अपेक्षित मुदत (दिवसांत)



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त झालं एका फोनचं. नात्यातल्या एका वहिनींचा होता. मुलानं ग्रीन कार्डासाठी अर्ज केला होता, मुंबईची मुलाखत पार पडली, व्हिसा हातात आला, आता पुढच्या महिन्यात निघायचं. वहिनी खुशीत होत्या. "आता काय, सहा महिने तिकडं नि सहा महिने इकडं. तुम्ही तसंच करत होतात ना?"

मी "हो" म्हटलं आणि विषय लोणच्यावर नेला. फोनवर एवढं सगळं कुठं सांगत बसणार? पण नंतर मनाला लागून राहिलं. सांगायला हवं होतं. म्हणून इथे लिहिते. वहिनी वाचतातच, आणि तुमच्यापैकीही बऱ्याच जणांचे आई-वडील याच रांगेत आहेत.

तर, पहिल्यापासून सांगते.

आमचे हे २०१२ साली गेले. चिरंजीव तोवर अमेरिकेचे नागरिक झालेले. नागरिकानं आई-वडिलांसाठी अर्ज केला तर त्याला रांग नसते (भावंडांसाठी केला तर पंधरा-पंधरा वर्षं वाट बघावी लागते, ते वेगळं). कागदपत्रं गोळा करण्यात माझा एक उन्हाळा गेला. माझ्या जन्माच्या नोंदीत नावच नव्हतं, नुसतं 'स्त्री' लिहिलेलं. मग शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्रं, काय काय. अखेर जून २०१४ मध्ये मी अमेरिकेची 'परमनंट रेसिडेंट' झाले. मराठीत कायमची रहिवासी. आपल्याकडे 'कायमचा' हा शब्द माणूस 'कायमचा गेला' म्हणताना जास्त वापरतात, त्यामुळे मला तो जरा दचकवायचाच.

कार्ड खरंच हिरवं आहे हे बघून मला गंमत वाटली होती. सुरुवातीची कार्डं हिरवी होती म्हणून ते नाव पडलं, मग कित्येक वर्षं ती दुसऱ्याच रंगांची निघत होती आणि २०१० पासून पुन्हा हिरवट झाली. माझ्यावर २०२४ पर्यंतची तारीख होती. मला वाटलं, दहा वर्षांची निश्चिंती झाली. इथेच पहिली चूक. तारीख असते ती प्लॅस्टिकच्या तुकड्याची. तुम्ही रहिवासी आहात की नाही ते त्या तारखेवर ठरत नाही, तुम्ही राहता कुठे आणि राहायचं कुठे ठरवलंय यावर ठरतं. कार्ड चार वर्षं बाकी असताना रहिवास संपलेला असू शकतो.

एडिसनला आमच्या घरापासून ओक ट्री रोड जवळ. संध्याकाळी आम्ही सगळ्या ज्येष्ठ मंडळी बागेत बसायचो. गुजराती बेन, एक तेलुगू काका, दोघी मराठी. तिथे इमिग्रेशनचा कायदा रोज नव्यानं लिहिला जायचा! "वर्षातून एकदा पाय लावून गेलं की झालं." "सहा महिने पुरे व्हायच्या आत विमानात बसायचं, मग कोण विचारतंय?" मी शाळामास्तरीण, मला पाठ्यपुस्तकात बघितल्याशिवाय चैन पडत नाही. सुनेनं इंग्रजी कागद छापून दिले, ते शब्दकोश घेऊन वाचले. त्यात आकडे दोन होते. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर परत येताना तुम्हाला नव्यानं प्रवेश मागणाऱ्यासारखं तपासता येतं, आणि नागरिकत्वासाठी लागणारा सलग रहिवासही प्रश्नांकित होतो. वर्षाहून जास्त राहिलात तर कार्ड प्रवेशाला चालतच नाही. पण या दोन आकड्यांच्या आत राहिलात म्हणजे सुटलात, असं कुठेही लिहिलेलं नाही. अधिकारी बघतो ते वेगळंच. घर कुठे, सामान कुठे, बँक कुठली, कर कुठे भरता, माणसं कुठे आहेत. बाहेर जाणं तात्पुरतं हवं, आणि मनात परत येण्याचा बेत पक्का हवा.

मनातला बेत! चाळीस जणांच्या वर्गात गृहपाठ कुणी केला नाही हे मी चेहरा बघून सांगू शकत असे. तसंच काहीतरी ते करत असावेत.

याचा अनुभव मला २०१६ सालीच आला. भाच्याचं लग्न, घराला रंग, असं करत साडेपाच महिने सांगलीत राहून परतले होते. विमानतळावर काचेपलीकडच्या तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, अमेरिकेत कशासाठी आलात? मी आपलं इंग्रजी जुळवून सांगितलं, मुलाला भेटायला आले आहे. तो थांबला. पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच, जरा मोठ्यानं. झालं, मला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं.

अहो, मराठीत आपण काय म्हणतो? "मुलाकडे आलेय." दहा वर्षं राहिलेली बाईसुद्धा "सध्या मुलाकडे असते" असंच म्हणते. स्वतःच्या मुलाच्या घराला माझं घर म्हणायला आपली जीभ वळत नाही. त्याचं इंग्रजी केलं की होतं 'व्हिजिट', आणि व्हिजिट करतो तो पाहुणा. रहिवासी घरी येतो, भेटायला येत नाही. दीड तासानं दुसऱ्या एका बाईनं हे मला अगदी शांतपणे समजावलं आणि सोडलं. माझ्या शेजारी एक पंजाबी आजोबा बसले होते, त्यांच्यापुढे कुठलासा फॉर्म ठेवलेला. त्यांनी सही केली की नाही मला कळलं नाही, मला आधी बोलावलं.

हे इथेच सांगून ठेवते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तो फॉर्म बहुधा आय-४०७ असणार. रहिवास स्वखुशीनं सोडत आहे, अशा अर्थाचा. त्यावर सही करण्याची सक्ती नसते. आपल्याला सोडायचं नसेल तर इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाण्याचा हक्क असतो, आणि तिथे निकाल लागेपर्यंत आपण रहिवासीच असतो. नाव चांगलं लक्षात ठेवा. हा फॉर्म माझ्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

त्या दिवसानंतर मी शहाणी झाले. दरसाल चार महिन्यांवर भारतात राहिले नाही. कर भरायचे तेव्हा चिरंजीव माझी सांगलीची पेन्शन आणि ठेवींचं व्याजसुद्धा अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवायचे. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज दहा हजार डॉलरवर गेली की त्याचा आणखी एक वेगळा अहवाल. गावातल्या बँकेतल्या माझ्या ठेवीची वॉशिंग्टनला काय मातब्बरी, असं मला वाटे. पण 'मी अनिवासी आहे' असं सांगून कर वाचवायला गेलं की तोच कागद पुढे विरुद्ध पुरावा होतो. तेव्हा गुपचूप सगळं दाखवलेलं बरं.

आणि मी अभ्यासाला लागले होते. पाच वर्षं पुरी झाली की नागरिकत्वाचा अर्ज, तोही तीन महिने आधी करता येतो. तेव्हा शंभर प्रश्नांचा संच असे, त्यातले दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास. नात माझी परीक्षा घ्यायची. ती बाई आणि मी विद्यार्थिनी! मार्च २०१९ मध्ये अर्ज करायचा, मेडिकेअरचीही सोय होईल, पासपोर्ट आला की मग वाटेल तितके दिवस भारतात राहा, असा चिरंजीवांचा हिशेब. हिशेब चोख होता.

सप्टेंबर २०१८ मध्ये अक्काला अर्धांगाचा झटका आला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा वेण्या घालण्यापासून सगळं अक्कानं केलं. ती सातवी झाल्यावर ट्रेनिंग करून प्राथमिक शाळेत लागली, आणि तिच्या पगारातून मी विलिंग्डन कॉलेजात बी. ए. केलं. 'तू शिक, मी आहे' असं वगैरे ती कधी म्हणाली नाही, तिला असं बोलणं जमायचंच नाही. टर्म फीची तारीख आली की देवघरात पैसे ठेवलेले असायचे. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. गावभागात जुन्या घरात एकटी.

मी दुसऱ्या दिवशी निघायला तयार होते. चिरंजीव म्हणाले, "आई, दोन आठवडे थांब. रीएन्ट्री परमिटचा अर्ज करून जा. तो अमेरिकेत असतानाच करावा लागतो, तिकडून करता येत नाही." त्यांचं बरोबर होतं. अर्ज आय-१३१, तेव्हा फी होती ५७५ डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५. हे परमिट असलं की दोन वर्षांपर्यंत बाहेर राहूनही परत येता येतं. मुदतवाढ मिळत नाही. (नागरिकत्वासाठीचा सलग रहिवास मात्र ते वाचवत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही तो फॉर्म भरला. नाव, जन्मतारीख, जाण्याची तारीख, जाण्याचा हेतू. हेतूत चिरंजीवांनी बहिणीचं आजारपण लिहिलं. पुढचा रकाना होता: प्रवासाची अपेक्षित मुदत, दिवसांत.

"किती लिहू?" त्यांनी विचारलं.

मी बघत राहिले. सांगलीचे डॉक्टर फोनवर म्हणाले होते, काही सांगता येत नाही. म्हणजे मी कधी परतणार? एक तर अक्का चालू-बोलू लागली की, नाही तर... जाणं तात्पुरतं आहे असं म्हणायचं तर ते संपवणारी काहीतरी गोष्ट डोळ्यांपुढे हवी. कायद्याचंही तेच म्हणणं असतं. मला डोळ्यांपुढे जी गोष्ट दिसत होती तिला मी दिवसांचा आकडा कुठून देणार? त्यात माझ्याच बहिणीचे दिवस मोजल्यासारखं होतं.

"लिही तुला वाटेल ते," म्हटलं आणि पोळ्या करायला उठले. त्यांनी काय आकडा लिहिला ते मी अजून विचारलेलं नाही. सही केली, ती न बघता.

ठशांची तारीख यायला पाच आठवडे गेले, दोन नव्हे. त्या पाच आठवड्यांत अक्काशी फोनवर बोलायचं म्हणजे भाच्यानं फोन तिच्या कानाला धरायचा आणि मी एकटीनं बोलायचं. पलीकडून नुसता श्वास. शेवटी ठसे द्यायला गेले तर यंत्रावर ठसे उमटेनात! पस्तीस वर्षं खडू आणि पन्नास वर्षं भांडी. तिथली मुलगी भली होती, ओल्या कागदानं बोटं पुसून पुन्हापुन्हा दाबत होती. एकेका बोटाला चार चार वेळा. मला आठवतं, मनात आलं होतं की उमटलेच नाहीत तर बरं, मग असंच जाता येईल. उमटले. नोव्हेंबरमध्ये मी सांगलीत पोचले. डिसेंबरमध्ये परमिट आलं, पासपोर्टसारखी पुस्तिका. ओळखीच्या कुणी येताना आणून दिली.

ठरलं होतं असं की मार्चमध्ये परतायचं, नागरिकत्वाचा अर्ज द्यायचा, मग पुन्हा यायचं. तिकीटही काढलेलं होतं. अक्का डिसेंबर-जानेवारीत जरा सुधारली. उजवी बाजू गेलेली, पण दोन-तीन शब्द यायला लागले. त्यातला एक शब्द होता "कधी?" मी तिच्या खोलीत गेले की, "कधी?" म्हणजे तू कधी जाणार. मी सांगायची, मार्चात. मग ती मान हलवायची. फेब्रुवारीच्या शेवटी न्हाणीघरात पडली आणि खुबा मोडला. मिरजेला शस्त्रक्रिया झाली. तिकीट रद्द केलं.

चिरंजीव म्हणाले, "आई, दिवसरात्र दोन बायका ठेवू. पैशांचा प्रश्नच नाही. तू दोन महिने येऊन अर्ज तरी करून जा." मी म्हटलं, बघू. हे 'बघू' पुढे बरेच महिने चाललं. मे महिन्यात सहा महिने उलटून गेले आणि तो नागरिकत्वाचा हिशेब मोडला. चिरंजीव त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी फोनवर नातीला दिलं.

आता ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर चढलं. आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा शेजारची चार मुलं आली, अक्काला खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचललं आणि ट्रॅक्टरवर ठेवलं. मला म्हणाली, "आजी, पाच मिनिटं. काय घ्यायचं ते घ्या." मी एक पिशवी भरली. अक्काची औषधं, डायपर, तिचं पेन्शनचं पासबुक, दोघींची आधार कार्डं, माझं पासबुक, देवघरातला बाळकृष्ण. आणि तिच्या नातवंडासारख्या असलेल्या मांजराला शोधत बसले, ते काही सापडलं नाही (नंतर आलं बेटं, पाणी ओसरल्यावर, माळ्यावरून).

विश्रामबागेत एका नातेवाइकांकडे गेलो. फोन लागत नव्हते. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांचा लागला. आधी दोघींची चौकशी, मग म्हणाले, "आई, कागद घेतलेस ना? पासपोर्ट, कार्ड, परमिट?"

मंडळी, मला त्या क्षणापर्यंत त्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती. कपाटाच्या वरच्या कप्प्यात होते, हात वर केला असता तरी मिळाले असते. मी म्हटलं, "हो, घेतलेत." मुलाशी एवढं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

दहा दिवसांनी घरी गेलो. कपाटाचे खालचे दोन कप्पे चिखलानं भरलेले, यांच्या हातची पत्रं त्यात गेली. वरचा कप्पा कोरडा ठाक. हिरवं कार्ड जसंच्या तसं, एक थेंब नाही. मी ते हातात घेऊन बराच वेळ उभी होते. कायदा मनातला बेत विचारतो म्हणून इतकी वर्षं घाबरत होते. पाच मिनिटांत पिशवी भरताना तो मला स्वतःलाच दिसला होता.

पुढचं लवकर सांगते, कारण ते सगळ्यांनीच भोगलंय. मार्च २०२० मध्ये विमानं बंद झाली. पण हेही खरं, की त्याच वर्षी जुलै-ऑगस्टनंतर मुंबईहून अमेरिकेची काही विमानं सुरू झाली होती. परमिट डिसेंबरपर्यंत होतं. चिरंजीवांनी नोव्हेंबरचं तिकीट बघितलं, मी अक्काला सोडून जाणार नाही म्हटलं. डिसेंबरात परमिट संपलं.

यानंतरही एक दार असतं. त्याला 'रिटर्निंग रेसिडेंट' व्हिसा म्हणतात, वकिलातीत डीएस-११७ नावाचा फॉर्म भरायचा. त्यात दाखवावं लागतं की निघताना तुम्ही रहिवासी होतात, परत येण्याचा बेत मनातून कधीही सोडला नाही, आणि उशीर झाला तो तुमच्या ताब्यात नसलेल्या कारणांमुळे. एप्रिल २०२१ मध्ये चिरंजीवांनी तो अख्खा भरून पाठवला. सोबत विमानं बंद असल्याचे पुरावे, अक्काची डिस्चार्ज कार्डं, स्वतःचं पत्र, सगळं व्यवस्थित क्रमानं लावलेलं. नोकरी करून, रात्री जागून केलेलं काम. मला फक्त सही करायची होती.

मी तीन दिवस तो कागद देवघरात ठेवला.

मग फोन केला. म्हटलं, "मला यावर सही करता येणार नाही."

"का? सगळं खरंच तर आहे. कोविड होता ना?"

"होता. पण मी कोविडमुळे थांबले नव्हते."

"आई, सगळे लिहितात. अक्कामावशी आजारी होती हेही खरं आहे."

"खरं आहे. पण ते माझ्या ताब्यात नव्हतं असं नाही ना. तू दोन बायका ठेवायला तयार होतास. मीच आले नाही." मग पुराच्या पिशवीचंही सांगितलं. इतक्या दिवसांनी.

बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तुला यायचंच नव्हतं." मी म्हटलं, "यायचं होतं. तुझ्याकडे यायचं होतं रे. तिथे राहायचं की नाही ते मात्र..." माझं वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी नंतर बोलू म्हटलं.

ते नंतर तीन आठवड्यांनी आलं. मधे सूनबाई फोन करायची, नात करायची. मला सुनेनं सांगितलं की २०१३ साली माझी फाइल तयार केली तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावरची खोली माझ्यासाठी रंगवून ठेवली होती, अजून व्हिसाचा पत्ता नसताना. हे मला माहीतच नव्हतं. मी त्या खोलीला चार वर्षं 'मुलाकडची खोली' म्हणत आले.

त्या जूनमध्ये मी आय-४०७ भरला. याला फी नाही. टपालानं अमेरिकेतल्या कचेरीला पाठवायचा, सोबत कार्ड जोडून. त्यात कारण विचारतात. मी लिहिलं, थोरल्या बहिणीच्या सेवेसाठी भारतात राहत आहे आणि पुढेही राहणार आहे. साधं इंग्रजी, एकच ओळ, पण चार वेळा कच्चं लिहून मग पक्कं केलं. कुरियरच्या माणसानं विचारलं, आत काय आहे आजी? म्हटलं, कागद.

अक्का जानेवारी २०२२ मध्ये गेली. झोपेत. शेवटच्या वर्षात तिचा "कधी?" थांबला होता. मी कार्ड पाठवून दिलं ते तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं असं मला वाटतं. ते असो.

काही नातेवाईक म्हणाले, सहा महिने थांबली असती तर कार्डही राहिलं असतं. कसं राहिलं असतं? वर्षापूर्वीच संपलं होतं ते, सही केली नसती तर नुसतं कपाटात पडून राहिलं असतं. उलट एक झालं. प्रवासी व्हिसाला अर्ज केला तेव्हा मी आपण होऊन, रीतसर कागद देऊन रहिवास सोडला होता, हे दाखवता आलं. तेव्हा मुंबईच्या मुलाखतीच्या तारखा फार लांबच्या मिळत होत्या, माझा नंबर २०२४ च्या सुरुवातीला लागला. मुलाखत मराठीत झाली. बाईंनी विचारलं, ग्रीन कार्ड का सोडलंत? मी म्हटलं, बहीण आजारी होती. मग विचारलं, आता बहीण नाही, तर आता मुलाकडेच राहावंसं नाही का वाटत? प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "वाटतं अधूनमधून. पण माझी पेन्शन, माझे डॉक्टर, माझं घर सांगलीत आहे. आणि मांजर आहे." त्या हसल्या. मांजराचा काही उपयोग झाला की नाही देव जाणे, व्हिसा मिळाला.

मे २०२४ मध्ये गेले. त्याच विमानतळावर, या वेळी परदेशी पाहुण्यांच्या रांगेत. ही रांग कितीतरी लांब, पाय दुखून आले. अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी आलात? मी आठ वर्षांपूर्वीचंच वाक्य म्हटलं, शब्दाचाही फरक न करता. त्यानं मान वर न करता सहा महिने दिले.

बाहेर चिरंजीव उभे होते. केस बरेच पांढरे झालेले. बॅग घेतली, पाया पडले, म्हणाले, "चल घरी." खोलीचा रंग तोच होता. कपाटात माझे जुने स्वेटर होते, आणि ते शंभर प्रश्नांचं पुस्तक.

ऑक्टोबरच्या शेवटी मी परत आले. नात म्हणत होती, आजी, स्टॅम्पवर अजून दिवस आहेत की, राहा. पण नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो ऑनलाइनही देता येतो म्हणतात, बोटाचा ठसा लावून. माझे ठसे उमटत नाहीत, तेव्हा आपण समोर जाऊन उभं राहिलेलं बरं.

वहिनी, तुम्ही निघण्याआधी एकदा फोन करा. आणि विमानतळावर कुणी विचारलं तर 'मुलाकडे आलेय' म्हणू नका. 'घरी आलेय' म्हणा.